सोडायला येणं आणि गाडी लावून जाणं: ‘खासगी गाडी’ या एका रकान्यातल्या दोन वेगळ्या गोष्टी

प्रवासी विमानतळावर कशाने पोचतात याचा कुठलाही तक्ता उघडा. रेल्वे, बस, टॅक्सी यांच्या शेजारी ‘खासगी गाडी’ असा एक रकाना असतो आणि कितीतरी विमानतळांवर सगळ्यात मोठा आकडा त्यातच असतो. या रकान्यात दोन तऱ्हेची माणसं एकत्र कोंबलेली आहेत. एकाला घरचं कुणीतरी सोडायला आलं. दुसरा स्वतः गाडी चालवत आला, ती पार्किंगमध्ये लावली आणि परत येईपर्यंत तिथेच ठेवली. गाडी तीच, रस्ता तोच, लागलेला वेळही तोच. तरीही प्रवासी कोणता पर्याय निवडतील याचं गणिती प्रतिमान, म्हणजे मॉडेल, बांधताना या दोघांना एक धरलं की पुढचं उत्तर चुकतं, आणि ते नेमकं विमानतळाला हवं असतं त्याच्या उलट दिशेला चुकतं.

आधी फेऱ्या मोजू. घरापासून विमानतळ 40 किलोमीटर आणि गाडीने 50 मिनिटं आहे असं समजा. गाडी लावून जाणाऱ्याच्या संपूर्ण प्रवासात रस्त्यावर दोनच फेऱ्या होतात, जाताना एक आणि येताना एक. एकूण 80 किलोमीटर. सोडायला आणि न्यायला कुणी येत असेल तर फेऱ्या चार होतात: सोडायला येणं, रिकामं परतणं, न्यायला येणं, घेऊन परतणं. 160 किलोमीटर, आणि चालवणाऱ्याची 200 मिनिटं. त्यातली निम्मी मिनिटं गाडीत प्रवासी नसतोच. वाहतुकीच्या, धुराच्या आणि टर्मिनलच्या दारासमोरच्या गर्दीच्या हिशेबात सोडायला येणं हा विमानतळावर पोचण्याचा सगळ्यात जड मार्ग आहे. प्रवाशाला मात्र तो सगळ्यात हलका वाटतो.

तो हलका का वाटतो, हे समजलं की दोन्ही पर्याय कशाला प्रतिसाद देतात तेही उलगडतं. पार्किंगचा खर्च दिवसांवर चढतो. सकाळी जाऊन संध्याकाळी परतणाऱ्याला तो किरकोळ असतो, पंधरा दिवसांच्या सुटीवर निघालेल्याला डोईजड होतो. सोडायला येण्याचा खर्च दोन दिवसांच्या प्रवासाला आणि वीस दिवसांच्या प्रवासाला सारखाच. म्हणून पार्किंगच्या उपयुक्ततेच्या समीकरणात, म्हणजे प्रवाशाला तो पर्याय कितपत सोयीचा वाटतो याच्या हिशेबात, प्रवास किती दिवसांचा आहे हा घटक हवाच, आणि सोडायला येण्याच्या समीकरणात त्याचं काही काम नाही. दोन्ही पर्याय एकत्र केले की हा घटक अर्ध्या लोकांवर लागू पडतो, अर्ध्यांवर नाही. मग त्याचं वजन सांगणारा गुणक मधल्यामध्ये कुठेतरी अडकतो आणि त्यातून काहीच कळत नाही.

दुसरा फरक मला जास्त महत्त्वाचा वाटतो. पार्किंगचे पैसे प्रवासी भरतो, किंवा कामाच्या प्रवासात त्याची कंपनी भरते. सोडायला येण्याची किंमत तिसराच माणूस भरतो: पहाटे उठलेली बहीण, रजा टाकलेला नवरा, वडिलांची गाडी घेऊन आलेला मुलगा. सर्वेक्षण करणारे प्रस्थानाच्या दालनात प्रवाशाला गाठतात आणि विचारतात, कसे आलात, किती वेळ लागला, किती खर्च झाला. तो म्हणतो, काही खर्च नाही, सोडलं मला. ज्याचा वेळ गेला तो माणूस तेव्हा परतीच्या रस्त्यावर असतो, त्याला कुणी विचारत नाही. त्यामुळे मॉडेलमध्ये चालवणाऱ्याच्या वेळेला मोल द्यायचं की नाही, द्यायचं तर किती, हे बांधणाऱ्याला स्वतः ठरवावं लागतं. माझ्या मते ते द्यायलाच हवं. शून्य धरलं तर सोडायला येणं मॉडेलला फुकटात मिळालेलं दिसतं, आणि तरीही काही लोक तो पर्याय का घेत नाहीत याचं स्पष्टीकरण एका स्थिरांकात, म्हणजे कारण न सांगणाऱ्या एका ठोक आकड्यात, गाडून टाकावं लागतं.

हे पर्याय सगळ्यांपुढे सारखे उपलब्धही नसतात. म्हणूनच या क्षेत्रातली मॉडेल्स प्रवाशांचे साधारणपणे चार गट करतात: तिथला रहिवासी की पाहुणा, आणि कामासाठी की इतर कारणाने. पाहुण्याची स्वतःची गाडी गावात नसते, त्याच्यासाठी पार्किंग हा पर्यायच यादीतून वगळायचा. सोडायला कुणी येईल का, हे तो रात्री कुठे राहिला त्यावर ठरतं. नातेवाइकांकडे उतरलेल्याला सोडणारं माणूस घरातच असतं, हॉटेलात उतरलेल्याला नसतं. ‘काल रात्री कुठे होता’ हा एक साधा प्रश्न सर्वेक्षणात नसेल, तर मॉडेल हॉटेलातल्या माणसालाही मनोमन एक चुलतभाऊ बहाल करून बसतं.

आता या दोन पर्यायांत माणसं इकडून तिकडे कशी सरकतात ते पाहू, कारण खरी गल्लत तिथेच होते. अनेक पर्यायांतून एक निवडण्याचं हे गणित मुख्यतः लॉजिट मॉडेलवर, म्हणजे प्रत्येक पर्याय निवडला जाण्याची शक्यता काढणाऱ्या सूत्रावर, उभं आहे. त्याचा पाया डॅनियल मॅकफॅडन यांनी 1970 च्या दशकात घातला, आणि त्या कामाबद्दल त्यांना 2000 सालचं अर्थशास्त्राचं नोबेल जेम्स हेकमन यांच्यासह विभागून मिळालं. साध्या लॉजिटमध्ये एक पर्याय महागला की त्याचे सुटलेले प्रवासी बाकीच्या पर्यायांत, त्यांच्या मूळ वाट्याच्या प्रमाणात विभागले जातात. कोण कोणासारखं आहे हे ते बघत नाही. यावरचं जुनं कोडं लाल आणि निळ्या बसचं आहे. निम्मे लोक गाडीने, निम्मे लाल बसने जातात. अर्ध्या बसना निळा रंग दिला, तर साधं लॉजिट सांगतं की तिन्ही पर्यायांना एकेक तृतीयांश मिळेल, म्हणजे नुसत्या रंगाने गाडीवाले बसकडे वळतील. असं होत नाही हे कुणीही सांगेल.

विमानतळाचे आकडे घेऊन बघू. हे आकडे उदाहरणापुरतेच आहेत. शंभर प्रवासी, प्रत्येक जण एकटा: 40 जणांना सोडायला कुणी येतं, 20 जण गाडी लावतात, 25 टॅक्सीने, 15 बस किंवा रेल्वेने. खासगी गाड्यांच्या फेऱ्या झाल्या 40 गुणिले 4 म्हणजे 160, अधिक 20 गुणिले 2 म्हणजे 40, एकूण 200. विमानतळाने गर्दी कमी करायला पार्किंगचे दर वाढवले आणि गाडी लावणारे 20 वरून 12 वर आले. सुटलेले आठ जण साध्या लॉजिटप्रमाणे वाटले, तर 4 सोडून घेण्याकडे, अडीच टॅक्सीकडे, दीड बस-रेल्वेकडे जातात. फेऱ्या होतात 176 अधिक 24, पुन्हा 200. म्हणजे दरवाढीने पैसे मिळाले, रस्ता आहे तसाच राहिला.

पण सोडायला येणं आणि गाडी लावणं हे पर्याय टॅक्सी-बसपेक्षा एकमेकांच्या जवळचे असतील, तर त्यांना एका घरट्यात, म्हणजे एका पोटगटात, ठेवावं लागतं. हेच नेस्टेड लॉजिट. घरट्यातली जवळीक 0 ते 1 मधल्या एका आकड्याने सांगतात. तो 1 असला तर घरटं असून नसल्यासारखं, आणि 0 कडे जाईल तसे आतले पर्याय एकमेकांची जागा घ्यायला तयार. तो साधारण 0.48 धरला तर आठांपैकी सहा जण थेट सोडून घेण्याकडे वळतात. फेऱ्या होतात 46 गुणिले 4 म्हणजे 184, अधिक 24, एकूण 208. गर्दी कमी करायला केलेल्या दरवाढीने खासगी गाड्यांच्या फेऱ्या वाढल्या, टॅक्सीच्या वाढलेल्या फेऱ्या त्यात धरल्याच नाहीत. ‘खासगी गाडी’ हा एकच रकाना ठेवला असता तर तक्त्यात काय दिसलं असतं? 60 चे 58 झाले, आणि धोरण यशस्वी.

घरटं कसं बांधायचं, यावर मात्र एकमत नाही आणि ते असण्याची गरजही नाही. सोडायला येणं पार्किंगच्या जवळचं, कारण गाडी घरची. पण प्रवाशाच्या नजरेतून ते टॅक्सीच्या जवळचंही आहे: दोन्हीत तो चालवत नाही, दोन्हीत थेट दारात उतरतो. टर्मिनलसमोर दोन मिनिटं उभं राहून बघा. डिकी उघडते, बॅग खाली येते, एक घाईची मिठी, मागची गाडी हॉर्न वाजवते, आणि तो आत. टॅक्सीवाल्याच्या बाबतीत मिठीच्या जागी पैसे, बाकी सगळं तसंच. गाडी लावणाऱ्याचं तसं नाही. पावती घेणं, मजला आणि खांबाचा क्रमांक लक्षात ठेवणं, बॅग ओढत जाणं किंवा शटल बसची वाट बघणं, आणि परतल्यावर हे सगळं उलट्या क्रमाने. लहान मुलं आणि चार बॅगा असलेल्या कुटुंबाला हा पंधरा मिनिटांचा टप्पा गाडीतल्या पंधरा मिनिटांपेक्षा कितीतरी जड जातो. म्हणून दोन्ही रचना आकड्यांवर तपासून बघाव्यात. रहिवाशांसाठी एक रचना बसेल, पाहुण्यांसाठी दुसरी.

एक गाठ शेवटी उरते, परतीची. गाडी लावणं हा जाण्या-येण्याचा एकत्र निर्णय आहे. लावली की येताना तीच न्यायची, बसने परतता येत नाही. सोडायला येण्याला असं बंधन नाही. जाताना मुलाने सोडलं, येताना विमान रात्री दोनला उतरतं म्हणून टॅक्सी केली, असं सर्रास होतं. तेव्हा घरच्या गाडीच्या चार नव्हे, दोनच फेऱ्या होतात आणि वर टॅक्सीची भर पडते. फक्त निघणाऱ्या प्रवाशांना विचारून बांधलेलं मॉडेल येतानाचा प्रवास जातानाच्या आरशातला धरतं. पार्किंगवाल्यांसाठी ते बरोबर आहे. सोडायला कुणी आलेल्यांना मात्र ‘परत कसे जाणार’ हे वेगळं विचारावं लागतं, आणि ‘न्यायला येतील’ म्हणणाऱ्यांसाठी उशिरा उतरणारी विमानं आणि सामानाच्या पट्ट्यापाशी जाणारा वेळ त्या न्यायला आलेल्या माणसाच्या खात्यात मांडावा लागतो.