ड्युओ डिस्कसचे किट: लांब पंख आणि पांढरा रंग आले कुठून?

ड्युओ डिस्कस हे दोन आसनांचे ग्लायडर, म्हणजे इंजिनाशिवाय उडणारे विमान. रेवेल कंपनीच्या त्याच्या १:३२ मापाच्या (खऱ्याच्या बत्तिसाव्या हिश्शाच्या) मॉडेल किटमध्ये सगळ्यात आधी नजरेत भरतात ते पंख. खऱ्या ग्लायडरचा पंखविस्तार २० मीटर, म्हणजे मॉडेलचा साडेबासष्ट सेंटीमीटर. धड मात्र जेमतेम २७ सेंटीमीटर. याच मापातल्या स्पिटफायर या लढाऊ विमानाचा पंखविस्तार ३५ सेंटीमीटरमध्ये आटोपतो. लढाऊ विमानांची मॉडेल्स करणाऱ्याला हे किट सुरुवातीला रिकामे वाटते: तोफा नाहीत, इंजिनाचा पसारा नाही, रंग जवळजवळ एकच. पण या साधेपणामागे शंभर वर्षांची खटपट आहे आणि ती माहीत असली की किट जोडण्याची पद्धतच बदलते.

१९१९च्या व्हर्साय तहाने जर्मनीला हवाई दल ठेवण्याची बंदी केली. पुढची काही वर्षे इंजिनाची विमाने बांधण्यावरही कडक निर्बंध होते. उडायची हौस असलेल्या तरुणांना इंजिनाशिवाय उडण्याची वाट मोकळी होती. १९२० साली ऑस्कर उर्सिनुस यांच्या पुढाकाराने र्‍होन पर्वतातल्या वासरकुप्पे या ९५० मीटर उंचीच्या डोंगरावर पहिली ग्लायडिंग स्पर्धा भरली. तेव्हा उतारावरून झेपावून पायथ्याकडे घसरत येणे हेच उड्डाण. ऑगस्ट १९२२मध्ये चित्र पालटले. हॅनोव्हरच्या विद्यार्थ्यांच्या ‘व्हॅम्पायर’ या ग्लायडरमधून आर्थर मार्टेन्स तासाभराहून अधिक काळ हवेत राहिला. डोंगराला आपटून वर चढणारा वारा त्याला उचलून धरत होता. काही दिवसांतच त्याच्या सोबत्याने, हेन्ट्झेनने, त्याच ग्लायडरमधून तीन तासांचा पल्ला गाठला.

पंख लांब आणि अरुंद का, याचे उत्तर इथे मिळते. पंखाच्या टोकाशी हवा खालून वर वळते आणि भोवरे तयार होतात. त्यात ऊर्जा वाया जाते. पंख जितका लांब आणि चिंचोळा, तितका हा तोटा कमी. इंजिन नसलेल्या विमानाला ही उधळपट्टी परवडत नाही.

पांढऱ्या रंगाची गोष्ट मला याहून रंजक वाटते. लाकूड आणि कापडाचा पंख कितीही निगुतीने केला तरी दमट हवेत फुगतो, वाळला की आक्रसतो आणि त्याच्या पृष्ठभागावर बारीक लाटा उमटतात. तेवढ्यानेही पंखावरचा सुरळीत प्रवाह विस्कटतो. १९५७मध्ये श्टुटगार्टच्या विद्यार्थी गटाचे ‘फीनिक्स’ उडाले. काचतंतू (फायबरग्लास) आणि ते घट्ट धरून ठेवणारी राळ, म्हणजे रेझिन, यांचे ते पहिले ग्लायडर. साच्यातून निघालेला त्याचा पंख आरशासारखा गुळगुळीत होता. अडचण एकच: हे रेझिन उन्हाने फार तापले तर मऊ पडते. म्हणून ग्लायडर पांढरे रंगवायचे, ही रीत पडली. १९९३मध्ये पहिल्यांदा उडालेले शेम्प-हिर्थ कंपनीचे ड्युओ डिस्कस याच परंपरेतले; एक किलोमीटर उंची खर्चून ते चाळीस किलोमीटरहून जास्त अंतर कापते.

प्लॅस्टिक किटचा प्रवाह वेगळा. १९३६मध्ये ब्रिटनमध्ये फ्रॉग कंपनीची ‘पेंग्विन’ किट आली आणि १:७२ हे माप रुजले. दुसऱ्या महायुद्धानंतर पॉलिस्टायरीन या प्लॅस्टिकमुळे किट स्वस्त झाली, पण कारखान्यांचे लक्ष लढाऊ विमानांवरच राहिले. १:७२मध्ये ड्युओ डिस्कसचे धड बारा सेंटीमीटरचे होईल आणि दोन आसनांचे कॉकपिट दिसणारही नाही. ग्लायडरला १:३२ शोभते ते यामुळेच.

आता हे सगळे कामाच्या टेबलावर आणू. खरा पंख साच्यातला, म्हणून मॉडेलवर सांधा दिसता कामा नये: फट बुजवणारी पुटी, मग ओल्या सॅंडपेपरची घासाई, बोट फिरवल्यावर काही जाणवेनासे होईपर्यंत. पांढरा रंग पातळ, अनेक हातांत. जाड थरात कडांवरून तो ओघळतो. धूर, तेल, खरचटलेला रंग असले ‘वेदरिंग’ इथे अजिबात नको. क्लबातली मंडळी उडण्याआधी ग्लायडर पुसून घेतात, कारण पंखाच्या पुढच्या कडेवर चिकटलेले किडेसुद्धा पल्ला घटवतात. पुण्यात हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरवर विंचने (दोर गुंडाळणाऱ्या यंत्राने) वर खेचले जाणारे ग्लायडर जवळून पाहिले, तर या पृष्ठभागाची कल्पना फोटोंपेक्षा चांगली येते.

पंख आणि धड यांच्या सांध्यात मात्र थोडी मोकळीक आहे. खरे ग्लायडर पंख काढून ट्रेलरमधून नेतात, मैदानावर जोडतात आणि तिथली फट पांढऱ्या चिकटपट्टीने झाकतात. मॉडेलवर त्या जागी पांढऱ्या डिकॅलची (मॉडेलवर चिकटवायच्या पातळ छापील पापुद्र्याची) अरुंद पट्टी लावली, तर ती अगदी अस्सल दिसते.