गूगल समर ऑफ कोड

नवख्या प्रोग्रामरांना चालू ओपन सोर्स (म्हणजे ज्यांचा कोड सर्वांना खुला असतो अशा) प्रकल्पांत काम देऊन तयार करणारा वार्षिक उपक्रम. सुरुवात 2005 मध्ये, सुमारे 400 विद्यार्थ्यांनिशी. आजवरच्या सहभागींची संख्या 20,000 च्या पुढे गेली आहे. नावातला उन्हाळा अमेरिका-युरोपचा, म्हणजे मे ते ऑगस्टचा. महाराष्ट्रात तोवर पाऊस आणि कॉलेजचे नवे सत्र दोन्ही सुरू झालेले असतात, त्यामुळे इथल्या मुलांचे बरेचसे कोडिंग रात्रीच होते.

मानधन गूगल देते. माणूस निवडणे आणि शिकवणे हे पायथन, डेबियन, केडीई यांसारख्या प्रकल्पांकडे असते. निवडीसाठी प्रस्ताव लिहावा लागतो, पण अनेक प्रकल्प त्याआधीच एखादा छोटा पॅच, म्हणजे कोडमधली दुरुस्ती, मागतात. खरी चाळणी तिथे लागते. कॉलेजातला प्रोग्राम शे-दोनशे ओळींचा, स्वतःच लिहिलेला आणि सबमिशन झाले की विसरायचा. इथे लाखो ओळी दुसऱ्यांनी लिहून ठेवलेल्या. त्या आपल्या मशीनवर बिल्ड होईपर्यंतच, म्हणजे त्यांचा चालणारा प्रोग्राम तयार होईपर्यंतच, नवख्याचा घाम निघतो.

समजा, तारीख चुकीची दिसते म्हणून चार ओळी बदलून पाठवल्या. प्रकल्पातला मेंटॉर (मार्गदर्शक) विचारतो : टेस्ट कुठे आहे? 29 फेब्रुवारीला काय होईल? कमिट मेसेजमध्ये (बदलासोबतच्या टिपणीत) नुसते ‘फिक्स्ड’ का, कारण कुठे? त्याच चार ओळी तीनदा परत येतात. वर्गात चूक झाली की मार्क कापले जातात आणि विषय संपतो. इथे ती दुरुस्त झाल्याशिवाय कोड मूळ प्रकल्पात मर्ज होत नाही. उपक्रमातले सर्वांत मोलाचे शिक्षण हेच, मानधन त्यापुढे दुय्यम.

2022 पासून विद्यार्थी असण्याची अट गेली. 18 वर्षे पूर्ण झालेल्या नवख्यालाही अर्ज करता येतो. काम 175 किंवा 350 तासांचे असे, 2024 पासून 90 तासांचेही असते.

बक्षीस पुढे आणि तपासणी मागे राहिली की काय होते, ते हॅक्टोबरफेस्ट या दर ऑक्टोबरातल्या ओपन सोर्स मोहिमेत दिसले. ठरावीक पुल रिक्वेस्ट (आपला बदल प्रकल्पात घ्या, अशा विनंत्या) पाठवल्या की टी-शर्ट, अशी ती योजना. 2020 मध्ये रीडमीत (प्रकल्पाची माहिती देणाऱ्या फाइलीत) एखादे विशेषण घुसडून पाठवलेल्या रिक्वेस्टींचा पूर आला आणि ऑक्टोबरच्या पहिल्या काही दिवसांतच, होकार देणाऱ्या प्रकल्पांतलेच काम धरायचे, असा नियम करावा लागला.

आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाने वेगळी वाट काढली. पाठ्यपुस्तकातली सोडवलेली उदाहरणे सायलॅब या आकडेमोडीच्या ओपन सोर्स सॉफ्टवेअरमध्ये लिहायची, ती तपासून घ्यायची आणि मानधन मिळवायचे. त्यामुळे मेकॅनिकल किंवा केमिकलचा विद्यार्थीही आपल्याच विषयाचे पुस्तक हाती घेऊन ओपन सोर्समध्ये शिरू शकतो.