एइरचा डोंगर आणि सार्सची साखळी

नॉर्स, म्हणजे जुन्या स्कँडिनेव्हियातल्या पुराणांत एइर नावाची एक देवता आहे. आइसलँडच्या स्नोरी स्टुर्लुसनने १३व्या शतकात लिहिलेल्या ‘एड्डा’त तिच्याबद्दल जेमतेम एक वाक्य येतं: ती सर्वांत निष्णात वैद्य. तिची स्वतंत्र अशी एकही कथा उरलेली नाही. एका जुन्या काव्यात ती लिव्याबेर्ग नावाच्या डोंगरावर बसलेल्या नऊ जणींपैकी एक म्हणून भेटते. लिव्याबेर्ग म्हणजे औषधाचा डोंगर. वर्षभराचं दुखणं असलेली बाईसुद्धा हा डोंगर चढून आली तर बरी होते, असं ते काव्य सांगतं. ‘एइर’ हा शब्द जुन्या नॉर्स भाषेत साधं नाम म्हणूनही वापरात होता. अर्थ दया, रक्षण, आधार.

नॉर्वेच्या डॉ. ग्रो हार्लेम ब्रुंटलँड यांना एइरची उपमा द्यावीशी वाटते ती या शेवटच्या अर्थामुळे. १९६३ साली ऑस्लोतून वैद्यकीय पदवी, १९६५ मध्ये हार्वर्डमधून सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी, १९८१ मध्ये नॉर्वेच्या पहिल्या महिला पंतप्रधान आणि जुलै १९९८ ते जुलै २००३ जागतिक आरोग्य संघटनेच्या महासंचालक. उपमेत एक ठिकाणी मात्र फरक आहे. एइर डोंगरावर बसून राहते, रुग्णाने चढून यायचं. सार्वजनिक आरोग्याच्या डॉक्टरला डोंगर उतरून, अजून आजारी न पडलेल्या माणसाच्या दारापर्यंत जावं लागतं. हे कसं करायचं ते २००३ च्या सार्सच्या, म्हणजे विषाणूमुळे होणाऱ्या जीवघेण्या श्वसनविकाराच्या साथीत फार स्पष्ट दिसलं.

साथीची सुरुवात नोव्हेंबर २००२ मध्ये चीनच्या ग्वांगडोंग प्रांतात झाली. २१ फेब्रुवारीला तिथला एक आजारी डॉक्टर हाँगकाँगच्या एका हॉटेलात नवव्या मजल्यावर उतरला. त्याच मजल्यावरच्या पाहुण्यांनी रोग व्हिएतनाम, सिंगापूर, कॅनडाला नेला. हॅनोईत संघटनेचे इटालियन डॉक्टर कार्लो उर्बानी यांनी हा नेहमीचा न्यूमोनिया नाही हे ओळखलं, रुग्णालयाला रुग्ण वेगळे ठेवायला लावलं आणि जिनिव्हातल्या मुख्यालयाला कळवलं. २९ मार्चला त्याच रोगाने ते गेले.

१२ मार्चला संघटनेने जगाला इशारा दिला. १५ मार्चला रोगाला नाव मिळालं आणि प्रवाशांसाठी सूचना निघाली. हे करण्याचा स्पष्ट कायदेशीर अधिकार ब्रुंटलँड यांच्याकडे नव्हता. तेव्हाचे आंतरराष्ट्रीय आरोग्य नियम कॉलरा, प्लेग आणि पीतज्वर या तीनच रोगांपुरते होते. तरीही २ एप्रिलला हाँगकाँग आणि ग्वांगडोंगला, २३ एप्रिलला बीजिंग, शान्सी आणि टोरंटोला अत्यावश्यक नसलेला प्रवास पुढे ढकला, असं त्यांच्या संघटनेने उघड सांगितलं. चीनने माहिती उशिरा दिली हेही त्या जाहीरपणे बोलल्या. सदस्य देशांच्या वर्गणीवर चालणाऱ्या संस्थेच्या प्रमुखाने असं बोलणं सोपं नसतं. माझ्या मते त्यांच्या कारकिर्दीतला सगळ्यात मोलाचा निर्णय हाच.

औषध नव्हतं, लस नव्हती. हातात होती फक्त जुनी पद्धत. आधी रुग्ण कुणाला म्हणायचं ते ठरवलं: ३८ अंश सेल्सिअसच्या वर ताप, खोकला किंवा धाप, आणि गेल्या १० दिवसांत रुग्णाशी निकटचा संपर्क किंवा बाधित भागातला प्रवास. छातीच्या एक्स-रेत न्यूमोनिया दिसला की ‘संशयित’चा ‘संभाव्य’ रुग्ण होई. त्याला लगेच वेगळं ठेवायचं. त्याच्या संपर्कातल्या प्रत्येकाला शोधून १० दिवस रोज ताप बघायचा, कारण रोगाचा अधिशयन काळ, म्हणजे लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंतचा काळ, बहुतेकांत १० दिवसांच्या आत संपतो.

एवढ्यावर साथ आटोक्यात आली याचं कारण विषाणूच्या स्वभावात आहे. सार्सच्या रुग्णाच्या घशातला आणि नाकातला विषाणू लक्षणं सुरू झाल्यावर दहाव्या दिवसाच्या आसपास सर्वाधिक असतो. म्हणजे ताप आल्यापासून तीन-चार दिवसांत माणूस वेगळा ठेवला, तर त्याने फार कुणाला लागण करण्याआधीच साखळी तुटते. कोविडमध्ये माणूस ताप येण्याआधीच रोग पसरवत होता, म्हणून तीच पद्धत २०२० मध्ये अपुरी पडली.

उशीर झाला तिथे रुग्णालयंच साथीची केंद्रं बनली. श्वासनलिकेत नळी घालताना किंवा नेब्युलायझर (औषधाची वाफ देणारं यंत्र) लावल्यावर बारीक तुषार उडतात आणि शेजारची खाट, नर्स, विद्यार्थी सगळे त्यात सापडतात. टोरंटोत मे महिन्यात साथ संपली असं समजून रुग्णालयांतली बंधनं सैल केली, आणि न ओळखलेल्या रुग्णांमधून दुसरी लाट उठली.

हाँगकाँगच्या अ‍ॅमॉय गार्डन्स या वसाहतीचं उदाहरण तर प्रत्येक प्लंबरला सांगावं असं. तिथे तीनशेहून जास्त माणसं आजारी पडली, सर्वाधिक ई ब्लॉकमध्ये. जुलाब होत असलेला एक रुग्ण मार्चमध्ये तिथे येऊन गेला होता. तपासात संशय मोरीच्या जाळीखालच्या ट्रॅपवर आला. आपल्याकडे ज्याला नहाणी ट्रॅप म्हणतात, त्याचीच ही जात. त्याच्या वाकड्या भागात थोडं पाणी अडून राहतं आणि ते गटाराची हवा घरात येऊ देत नाही. तिथे लोक बाथरूमची फरशी पाणी न ओतता पुसून घेत, त्यामुळे ट्रॅप कोरडे पडले होते. दार लावून एक्झॉस्ट फॅन सुरू केला की तो मैलापाण्याच्या उभ्या पाइपातले विषाणूयुक्त तुषार ट्रॅपमधून वर ओढी आणि इमारतीच्या डक्टमध्ये फेकी. तिथून ते वरच्या मजल्यांवर. रोज न वापरल्या जाणाऱ्या मोरीत अधूनमधून तांब्याभर पाणी ओतावं, एवढाच यावरचा उपाय.

भारताची अधिकृत नोंद ३ रुग्णांची, मृत्यू एकही नाही. संशयितांचे नमुने तेव्हा पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत तपासले गेले.

साथ चालू असतानाच, २१ मे २००३ रोजी, संघटनेच्या सदस्य देशांच्या जागतिक आरोग्य सभेने तंबाखू नियंत्रणाचा करार मंजूर केला. संघटनेच्या घटनेतल्या करार करण्याच्या अधिकाराचा हा पहिलाच वापर, आणि ब्रुंटलँड यांनी पदावर आल्या दिवसापासून तो लावून धरला होता. पाकिटाच्या मुख्य बाजूंचा निदान ३० टक्के, शक्यतो ५० टक्के किंवा अधिक भाग इशाऱ्याने व्यापावा, असं त्यात आहे. भारताने फेब्रुवारी २००४ मध्ये तो स्वीकारला. २०१६ पासून आपल्या टपरीवरच्या सिगारेटच्या पाकिटावर आणि तंबाखूच्या पुडीवर दोन्ही बाजूंनी ८५ टक्के इशारा दिसतो, तो याच वाटेने आलेला.

सार्सची साखळी तुटली हे जाहीर करायलाही नियम होता. शेवटचा रुग्ण वेगळा ठेवल्यापासून २० दिवस, म्हणजे अधिशयन काळाच्या दुप्पट, नवा रुग्ण नको. व्हिएतनाम २८ एप्रिललाच या कसोटीला उतरला. शेवटी राहिलेल्या तैवानचे २० दिवस ५ जुलैला भरले. तोवर जगात ८,०९६ रुग्ण आणि ७७४ मृत्यू झाले होते. सोळा दिवसांनी ब्रुंटलँड यांची मुदत संपली. २००५ मध्ये आरोग्य नियम नव्याने लिहिले गेले. तीन रोगांची यादी गेली, आणि त्यांनी अधिकार नसताना दिला तसा इशारा आता महासंचालकाला नियमानेच देता येतो.