फ्लोअर रोबो

फ्लोअर रोबो : लहान मुलांना कोडिंगची (संगणकाला क्रमाने आज्ञा देण्याची) पहिली ओळख करून देण्यासाठी वापरला जाणारा, जमिनीवर चाकांवर फिरणारा छोटा रोबो. त्याला पडदा नसतो आणि तो चालवायला वाचता-लिहिता यावे लागत नाही, म्हणून चार ते सात वर्षांच्या मुलांसाठी तो मुख्यतः वापरतात. पाठीवर पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे अशी बाणांची बटणे असतात. मुलाने ती हव्या त्या क्रमाने दाबायची आणि शेवटी ‘गो’ दाबायचे. तोवर रोबो जागचा हलत नाही, आज्ञा फक्त साठवून ठेवतो. रिमोटच्या गाडीत आणि त्याच्यात खरा फरक हाच. गाडी भलतीकडे वळली तर तिथल्या तिथे सावरता येते. इथे सगळी वाट आधी ठरवावी लागते, आणि ती चुकीची ठरवली असेल तर रोबो ती चूकसुद्धा इमानेइतबारे पार पाडतो.

या रोबोंचे मूळ ‘लोगो’ या संगणकभाषेत आहे. वॉली फॉयरझाइग, सीमोर पेपर्ट आणि सिंथिया सॉलोमन यांनी ती १९६७ मध्ये अमेरिकेत मुलांसाठी तयार केली. पेपर्ट यांनी त्याआधी काही वर्षे जिनिव्हात बालमानसशास्त्रज्ञ झां प्याजे यांच्याबरोबर काम केले होते. मूल हाताने करून, अंगाने अनुभवून शिकते हा विचार त्यांनी संगणकाकडे नेला. लोगोच्या आज्ञांवर चालणारे एक यांत्रिक कासव बनवण्यात आले. त्याच्या पोटाशी पेन असे आणि चाललेल्या वाटेची रेघ कागदावर उमटे. पण आज्ञा कीबोर्डवर टंकाव्या लागत, त्यामुळे अक्षरओळख नसलेली मुले बाहेरच राहत. ही अडचण १९७० च्या दशकात एमआयटी या अमेरिकेतील तंत्रज्ञान विद्यापीठात रेडिया पर्लमन यांनी सोडवली. त्यांनी आधी बटणांची पेटी आणि मग खाचेत प्लॅस्टिकची कार्डे सरकवायचे यंत्र तयार केले. कासवाचा बोलबाला जास्त झाला खरा, पण आजच्या बटणांच्या रोबोंचे जवळचे नाते या पेटीशीच आहे. याच पर्लमन पुढे संगणक-जाळ्यांत संदेश गोल गोल फिरत राहू नयेत यासाठीच्या ‘स्पॅनिंग ट्री प्रोटोकॉल’ या नियमावलीसाठी प्रसिद्ध झाल्या.

शाळांमध्ये सर्वांत परिचित झालेला रोबो म्हणजे ब्रिटनच्या टीटीएस कंपनीचा, मधमाशीच्या आकाराचा ‘बी-बॉट’. तो एका आज्ञेला १५ सेंटिमीटर सरकतो आणि वळताना जागच्या जागी ९० अंशांत वळतो. त्यामुळे १५ सेंटिमीटरची घरे आखलेली चटई त्याला पुरते. घरांत अक्षरे, आकडे, चित्रे काहीही घालता येते. ‘क्युबेटो’ या लाकडी रोबोत बटणांऐवजी रंगीत ठोकळे पाटीच्या खाचांत बसवतात. मरीना बर्स यांच्या टफ्ट्स विद्यापीठातील संशोधनातून आलेला ‘कीबो’ लाकडी ठोकळ्यांवरचे बारकोड वाचतो. ठोकळ्यांचा मोठा फायदा म्हणजे आज्ञांची रांग डोळ्यांसमोर राहते. बी-बॉटमध्ये काय दाबले ते कुठेच दिसत नाही, म्हणून जाणते शिक्षक मुलांना आधी बाणांची कार्डे ओळीने मांडायला लावतात आणि मगच बटणांना हात लावू देतात.

मुलांच्या चुका बहुतेक ठरलेल्या असतात. फुलाचे चित्र तीन घरे पुढे आणि तिथून दोन घरे उजवीकडे आहे असे समजा. मूल तीनदा ‘पुढे’ आणि दोनदा ‘उजवीकडे’ दाबते. रोबो तीन घरे जातो, तिथेच दोनदा वळतो आणि फुलाकडे जायचे सोडून आल्या वाटेकडे तोंड करून थांबतो. उजवा बाण उजवीकडच्या घरात नेत नाही, नुसता वळवतो, हे त्या एका फेरीत जितके कळते तितके सांगून कळत नाही. दुसरी चूक मोजण्यातली : रोबो उभा आहे ते घरही ‘एक’ म्हणून धरले जाते आणि रोबो एक घर अलीकडेच राहतो. रोबो मुलाकडे तोंड करून येत असेल तर डावे-उजवे हमखास उलटे होते. यावर उपाय जुनाच आहे : मुलाने स्वतः चटईवर उभे राहून, रोबोच्या दिशेला तोंड करून चालून पाहायचे. जुन्या आज्ञा पुसायच्या राहिल्या तर नव्या त्यांच्याच मागे जोडल्या जातात आणि रोबो आधीची सगळी वरात पुन्हा काढतो. मग ‘रोबो बिघडला’ अशी तक्रार येते. कुठली आज्ञा चुकली हे शोधून तेवढीच बदलणे, म्हणजे डीबगिंग, हाच या खेळातला सर्वांत मोलाचा भाग. पहिल्याच फेरीत फुलापर्यंत पोहोचलेल्या मुलाच्या वाट्याला तो येत नाही.

काही वेळा मात्र दोष खरोखरच यंत्राचा असतो. साध्या रोबोंना आपण कुठे आहोत हे कळत नाही. गालिच्यावर चाक घसरले, वळण जरासे कमी पडले, तर ती कसर साठत जाते आणि काही वळणांनंतर रोबो दोन घरांच्या मधल्या रेघेवर उभा राहतो. अशा वेळी त्याला हाताने सरळ करण्यात काही गैर नाही. नाहीतर मूल आपल्या बरोबर आज्ञा बदलत बसते.

इंग्लंडच्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात २०१४ पासून पाच ते सात वर्षांच्या मुलांनी अल्गोरिदम (काम पुरे करण्याच्या क्रमवार पायऱ्या) म्हणजे काय हे समजून घेणे आणि साधे प्रोग्रॅम लिहून दुरुस्त करणे अपेक्षित आहे; तिथे हे रोबो सर्रास वापरले जातात. त्यांतून एकूण विचारशक्तीच वाढते, हा दावा मात्र जपून घ्यावा. रॉय पी आणि मिडियन कर्लंड या संशोधकांनी १९८० च्या दशकात लोगो शिकलेल्या शाळकरी मुलांचा अभ्यास केला, तेव्हा इतर कामांचे नियोजन करण्यात ती मुले सरस ठरली नाहीत. शिवाय नुसत्या बाणांच्या रोबोत ‘असे असेल तर तसे कर’ ही अट घालता येत नाही आणि तेच पाऊल पुन्हा हवे तर बटण पुन्हा दाबावे लागते. त्यामुळे सात-आठ वर्षांची मुले त्याला लवकर कंटाळतात आणि ‘स्क्रॅच’सारख्या पडद्यावरच्या भाषेकडे वळतात.