रेणू बदलला, की चांदीची तार वाढली?

एनसीएल (रसायनाची प्रयोगशाळा), आयसर (विज्ञान शिक्षण-संशोधन संस्था) आणि सी-डॅक (संगणनाची संस्था) यांच्यातलं अंतर पुण्यात थोडंसंच, पण 'मेमरिस्टर', म्हणजे व्होल्टेज दिल्यावर रोध बदलणारं आणि तो लक्षात ठेवणारं उपकरण, म्हटल्यावर तिघांच्या डोळ्यांसमोर येणाऱ्या वस्तू वेगळ्या असतात. संगणनवाल्याला ऑक्साइड आरआरॅम दिसतं, म्हणजे ऑक्साइडच्या थराचा रोध बदलून साठवणारी मेमरी, रसायनवाल्याला इलेक्ट्रॉन घेणारा-सोडणारा रेणू. पोस्टडॉकचा प्रस्ताव या दोघांच्या मधे कुठेतरी लिहिला जातो आणि घोळ तिथेच होतो: दोन इलेक्ट्रोडांमधे रेणूंचा थर घातला, प्रवाह-व्होल्टेजच्या आलेखात वळसा दिसला, की झाली 'मॉलिक्युलर मेमरी'. नाही होत.

आधी ऑक्साइडचं. सुरुवातीला एकदा जास्त व्होल्टेज (फॉर्मिंग व्होल्टेज) दिलं की ऑक्सिजनच्या रिकाम्या जागांची बारीक वाट, म्हणजे फिलामेंट, तयार होते; ती जोडली की ऑन, तुटली की ऑफ. तांबं किंवा चांदी असेल तर वाट धातूच्या आयनांची. पुढे जाऊ.

खऱ्या मॉलिक्युलर मेमरीत वाट तयारच होत नाही. थरातले असंख्य रेणू आपली रेडॉक्स अवस्था बदलतात, म्हणजे इलेक्ट्रॉन आत घेतात किंवा सोडतात, आणि त्यानुसार सगळ्या थराची वाहकता बदलते. स्मृती रेणूत असते. फिलामेंट असेल तर ती त्या एका बारीक वाटेत असते, मग भोवती रेणू असोत, ऑक्साइड असो की प्लास्टिक. दोन्हींचे आय-व्ही (प्रवाह-व्होल्टेज) आलेख जुळ्या भावंडांसारखे दिसतात, म्हणून नुसत्या आलेखावर मत देऊ नये.

याचा सगळ्यात बोलका दाखला एचपी या संगणक कंपनीच्या गटाने २००४ मधे दिला. रोटॅक्सेनसारख्या (दांडीत ओवलेल्या कड्याच्या) गुंतागुंतीच्या रेणूच्या जागी त्यांनी एकोसानोइक आम्ल घातलं, म्हणजे २० कार्बनचं साधं मेदाम्ल, ज्याला स्विच व्हायचं काही कारणच नाही. तेही तसंच स्विच झालं. करामत रेणूची नव्हती, टायटेनियमच्या इलेक्ट्रोडाची होती. पुढे २००८ मधे याच गटाने टायटेनियम ऑक्साइडचा मेमरिस्टर मांडला. तरीही कंट्रोल रेणू, म्हणजे मेदाम्लासारखा स्विच न होणारा तुलनेचा रेणू, न लावलेले निकाल आजही दिसतात, आणि हे आळसाखेरीज दुसरं काही नाही.

मग ओळखायचं कसं? आधी क्षेत्रफळ. १० बाय १० आणि ५० बाय ५० मायक्रॉनची उपकरणं एकाच काचेवर बनवा. क्षेत्र २५ पट, तर रेणू स्विच होत असतील तर ऑन प्रवाहही साधारण २५ पट हवा. फिलामेंट असेल तर तो जवळपास तेवढाच राहतो. ऑफ प्रवाहाची तुलना करून समाधान मानू नका, तो दोन्ही प्रकारांत क्षेत्राबरोबर वाढतो. नेमकी इथेच फसगत होते.

मग तापमान. ऑन अवस्था ३०० वरून ७७ केल्विनला न्या. रोध कमी झाला तर धातूची तार आहे, प्रश्न मिटला. वाढला किंवा तसाच राहिला तर मात्र लगेच जल्लोष नको: ऑक्साइडमधली वाट अर्धवाहकासारखीही वागते, आणि अणूएवढ्या बारीक चांदीच्या जोडाचा रोध फारसा हलत नाही. त्या जोडाची खूण वेगळी, ऑन रोध १२.९ किलोओहमच्या आसपास पायऱ्यांनी सरकतो.

निर्णायक पुरावा स्पेक्ट्रमचा. व्होल्टेज चढवताना त्याच जागेवर रामन स्पेक्ट्रम (रेणूंच्या कंपनांचा प्रकाशी ठसा) घ्या. रेणूतल्या ॲझो गटाने (दोन नायट्रोजनच्या जोडीने) इलेक्ट्रॉन घेतला की नायट्रोजन-नायट्रोजन बंध सैल होतो आणि त्याचं शिखर कमी तरंगसंख्येकडे सरकतं. हे सरकणं प्रवाहाच्या उडीबरोबरच व्हायला हवं. बंगळुरूच्या आयआयएससीतल्या रुथेनियम संकुलांचं काम विश्वासार्ह वाटतं ते यामुळे. त्यांच्या २०२४ च्या, वाहकतेच्या १६,५२० पातळ्यांचं कौतुक सगळे करतात, त्यामागच्या स्पेक्ट्रमचं कुणी करत नाही.

बनवतानाच्या चुका वेगळ्या. वरचा धातू बाष्पीभवनाने टाकताना गरम अणू थरातून आरपार जातात, म्हणून मधे पेडॉट-पीएसएस या वाहक प्लास्टिकचा थर द्यावा. चांदी पहिल्या फेरीत अजिबात नको. जुलै-ऑगस्टमधे तर नकोच: पुण्याच्या पावसाळी हवेतली ओल थरात शिरते आणि चांदीचे आयन मोकाट सुटतात. तेच उपकरण निर्वातात स्विच व्हायचं थांबलं, तर उत्तर मिळालं: करामत ओलीची होती. मर्यादित प्रवाहासाठी सोर्समीटरच्या (व्होल्टेज देऊन प्रवाह मोजणाऱ्या यंत्राच्या) कंप्लायन्सवरही, म्हणजे त्यात लावलेल्या प्रवाहमर्यादेवरही, विसंबू नये. एक मीटर कोॲक्स केबलची धारिता साधारण १०० पिकोफॅरड. ३ व्होल्टला तिच्यातले ४५० पिकोज्यूल मीटर सावध होण्याआधीच थरात रिते होतात आणि तार तुम्हीच जाळून तयार करता. उपकरणाला अगदी खेटून मालिकेत रोधक लावा.

ऊर्जेबद्दल थोडक्यात. १ व्होल्ट, १ मायक्रोॲम्पिअर, ३० नॅनोसेकंद म्हणजे ३० फेम्टोज्यूल, आकडा छान आहे. पण तो एका स्विचचा. क्रॉसबारच्या, म्हणजे आडव्या-उभ्या तारांच्या जाळीच्या, कडेला बसलेल्या एडीसीचा (प्रवाहाचे आकडे करणाऱ्या परिपथाचा) खर्च त्यात धरलेला नसतो. 'मेंदूइतकं कमी वीज खाणारं' हे विशेषण तर प्रस्तावातून काढूनच टाकावं.

नवा रेणू संश्लेषित करायला सहा महिने लागतात, मेदाम्लाचा कंट्रोल थर काही दिवसांत होतो. तो आधी करा, त्याच इलेक्ट्रोडांवर, त्याच जाडीचा. तोही स्विच झाला तर बदलायचा तो इलेक्ट्रोड.