कार्टून नेटवर्क (भारत)

भारत आणि शेजारच्या काही देशांसाठी प्रक्षेपित होणारी, चोवीस तास कार्टून दाखवणारी बहुभाषी बालवाहिनी. चित्र एकच आणि त्याला जोडलेले ध्वनी मात्र अनेक भाषांतले, या पद्धतीने मुलांसाठी वाहिनी चालवण्याचा हा भारतातील आरंभीचा मोठा प्रयोग होय. पुढे आलेल्या बहुतेक बालवाहिन्यांनी हाच साचा उचलला.

वाहिनीचे मूळ जुन्या चित्रसंग्रहांच्या खरेदीत आहे. अमेरिकी उद्योजक टेड टर्नर यांनी १९८६ मध्ये हॉलिवूडमधील एमजीएम या चित्रपटसंस्थेचा जुना चित्रपटसंग्रह घेतला. त्यात टॉम अँड जेरीचे लघुपट होते. १९९१ मध्ये हॅना-बार्बेरा ही कार्टूनमालिका बनवणारी संस्थाच टर्नर यांच्याकडे आली आणि एक अख्खी वाहिनी चालेल एवढे साहित्य हाती आले. अमेरिकेत वाहिनी १ ऑक्टोबर १९९२ रोजी सुरू झाली. १९९३ च्या सप्टेंबरात युरोपसाठी आणि १९९४ च्या ऑक्टोबरात आशियासाठी सेवा निघाली. या दोन्ही सेवा टीएनटी या चित्रपटवाहिनीबरोबर जोडीने चालत. एकाच उपग्रह-जागेवर दिवसा कार्टून आणि रात्री जुने इंग्रजी चित्रपट, अशी ती वाटणी होती.

भारतातील आरंभ नेमका केव्हाचा मानावा, याबाबत नोंदींत एकवाक्यता नाही. काही जण आशियाई सेवेचे १९९४ हे वर्ष धरतात, काही १ मे १९९५ ही तारीख देतात. भारतीय प्रेक्षकांना उद्देशून प्रक्षेपण सुरू झाले ते १९९५ मध्ये. केबल दूरचित्रवाणीचे नियमन करणारा कायदाही त्याच वर्षीचा. म्हणून भारतापुरते हे दुसरे मत अधिक सयुक्तिक ठरते. टीएनटीपासून फारकत घेऊन वाहिनी पूर्णवेळ झाली ती २००१ च्या मध्याच्या सुमारास.

बहुभाषी प्रक्षेपणाचे तंत्र थोडे तपशिलात पाहणे आवश्यक आहे, कारण भाषांचे बरेचसे राजकारण त्यातूनच उलगडते. अॅनालॉग उपग्रह-प्रक्षेपणात चित्रसंकेताच्या वरच्या पट्ट्यात, साधारण ५ ते ८ मेगाहर्ट्झच्या दरम्यान, ध्वनीच्या अनेक उपवाहक लहरी, म्हणजे चित्रसंकेताबरोबर जाणाऱ्या दुय्यम लहरी, बसवता येत. युरोपात अॅस्ट्रा उपग्रहावरून या वाहिनीचे कार्यक्रम याच रीतीने एकाच वेळी अनेक भाषांत जात. डिजिटल संक्षेपण, म्हणजे संकेत कमी जागेत बसवण्याचे तंत्र, आल्यावर हे काम स्वस्त झाले. चित्राचा एक प्रवाह, ध्वनीचे वेगवेगळे प्रवाह, प्रत्येकाला स्वतंत्र ओळखक्रमांक. चित्राला जितकी जागा लागते तिच्या मानाने ध्वनीची जागा नगण्य असते. त्यामुळे आणखी एक भाषा वाढवताना प्रक्षेपणाचा खर्च फारसा आड येत नाही; खर्च होतो तो डबिंगवर.

परंतु उपग्रहावरून उतरलेल्या या सगळ्या भाषा घरापर्यंत पोहोचत नसत. अॅनालॉग केबलवर एका वाहिनीबरोबर एकच ध्वनी जाई. केबलचालकाच्या नियंत्रण-कक्षात प्रत्येक वाहिनीसाठी एक रिसीव्हर असे आणि त्यावर जी भाषा लावलेली असेल तीच त्या साऱ्या वस्तीत ऐकू येई. एका गल्लीत स्कूबी-डू हिंदी बोले, तर दुसऱ्या केबलवाल्याच्या हद्दीत इंग्रजी. मुलांना निवडीची मुभा नव्हती आणि पालकांनाही नव्हती. ही स्थिती बदलली ती केबलच्या सक्तीच्या डिजिटायझेशनमुळे. २०११ च्या कायदादुरुस्तीनंतर मुंबईसाठी ३१ ऑक्टोबर २०१२ आणि पुणे, नागपूर, नाशिक यांसारख्या शहरांसाठी ३१ मार्च २०१३ ही मुदत होती. सेट टॉप बॉक्स आला आणि रिमोटवरचे एक बटण दाबून भाषा बदलता येऊ लागली. बहुभाषी वाहिनी खऱ्या अर्थाने बहुभाषी झाली ती इथे. डीटीएचधारक घरांना ही सोय काही वर्षे आधीच मिळाली होती.

ध्वनिमार्ग आणि स्वतंत्र प्रक्षेपण, म्हणजे व्यवसायाच्या बोलीत ‘फीड’, यांत फरक करायला हवा. वाहिनी किती भाषांत आहे याचे वेगवेगळे आकडे सापडतात ते हा फरक न पाळल्यामुळे. नुसता ध्वनिमार्ग असेल तर वेळापत्रक, जाहिरातींची चित्रे, पडद्यावरची अक्षरे सर्व भाषांना समाईक राहतात. तमिळ ऐकणाऱ्या मुलाला पाट्या मात्र इंग्रजीतच दिसतात.

भाषांचा क्रम असा : आरंभी इंग्रजी, १९९० च्या दशकाच्या अखेरीस हिंदी, त्यानंतर लवकरच तमिळ आणि मागाहून तेलुगू. हिंदी डबिंगचे केंद्र मुंबई. मूळ निर्मात्याकडून संगीत व पार्श्वध्वनीची पट्टी वेगळी येते, म्हणजे दाराचा करकराट, धावण्याचा आवाज तसाच राहतो आणि फक्त संवाद नव्याने भरावे लागतात. कलावंत बहुधा एकेकटा ध्वनिमुद्रण-कक्षात उभा राहतो, कानात मूळ संवाद, समोर चित्र. अनुवादकाला अर्थाबरोबर ओठही सांभाळावे लागतात. पात्राचे ओठ मिटतात तिथे प, ब, म यांसारखा ओष्ठ्य वर्ण आला नाही तर वाक्य खोटे वाटते. हॅना-बार्बेराच्या काटकसरीच्या अॅनिमेशनमध्ये तोंडाच्या मोजक्याच ठरावीक आकृती फिरवून वापरलेल्या असत. त्यामुळे त्या मालिका दुसऱ्या भाषेत नेणे तुलनेने सोपे गेले. टॉम अँड जेरीत तर संवाद जवळजवळ नाहीतच, आणि भाषेच्या भिंती नसलेल्या या लघुपटांनी सुरुवातीच्या वर्षांत वाहिनी घराघरांत रुजवली. २००३ मध्ये हिंदीतून आलेल्या पोकेमॉनने जपानी मालिकांची वाट रुंद केली.

या क्रमात मराठी दीर्घकाळ नव्हती. तमिळ आणि तेलुगू मुलांसाठी वेगळा ध्वनी निघाला, मराठी मुलांसाठी निघाला नाही. मराठी मुलांची संख्या कमी होती असे मुळीच नाही. प्रेक्षकमापनात आणि जाहिरातव्यवहारात दक्षिणेकडील राज्ये वगळता उरलेला भारत ‘हिंदी भाषक बाजारपेठ’ म्हणून एकत्र मोजला जातो आणि महाराष्ट्र त्यातच धरला जातो. मराठी मूल हिंदी कार्टून पाहतेच, म्हणून त्याच्यासाठी निराळा खर्च कशाला, असा तो हिशेब. हा हिशेब व्यापाराला सोयीचा होता, पण मुलांच्या भाषेच्या दृष्टीने तो अन्यायकारक होता, हे स्पष्टपणे नोंदवले पाहिजे. खेळताना मराठी मुलांच्या तोंडी हिंदी संवाद येऊ लागले ते याच काळात. याच डबिंगविश्वात महाराष्ट्रातील कलावंतांनी मोठे नाव कमावले. बेन टेन या मालिकेच्या नायकाचा हिंदी आवाज संकेत म्हात्रे यांचा, तर निकलोडियनवरील निंजा हातोडीचा मेघना एरंडे यांचा. मराठी ध्वनिमार्गाची वाट पुढे निकलोडियन आणि सोनी याय (स्थापना २०१७) यांसारख्या वाहिन्यांनी रुळवली.

हिंदी डबिंगचा प्रश्न सीमेपलीकडेही गेला. फेब्रुवारी २०१३ मध्ये बांगलादेशात हिंदी डोरेमॉन दाखवणाऱ्या डिस्नेच्या भारतीय वाहिनीवर बंदी आली, कारण लहान मुले बंगालीऐवजी हिंदी बोलू लागल्याची तक्रार होती. पाकिस्तानात २०१६ मध्ये पंजाब विधानसभेत याच मालिकेविरुद्ध ठराव मांडण्यात आला. कार्टून नेटवर्कने पाकिस्तानसाठी २००४ मध्येच प्रक्षेपण वेगळे केले होते.

भारतीय निर्मितीकडे वाहिनी वळली ती २००० नंतर. तिरुअनंतपुरमच्या टून्झ संस्थेची तेनालीरामावरील मालिका २००३ ची. १ जानेवारी २००४ रोजी सुरू झालेली पोगो ही टर्नरचीच दुसरी बालवाहिनी. हैदराबादच्या ग्रीन गोल्डची छोटा भीम ही मालिका २००८ पासून तिच्यावर आली आणि विदेशी मालिकांची सद्दी ओसरू लागली. मूळ वाहिनीवर कृष्णकथेचा आधार घेतलेली रोल नंबर २१ ही मालिका २०१० च्या सुमाराची.

स्पर्धा २००४ पासून तीव्र झाली. त्या एका वर्षात पोगोखेरीज हंगामा, डिस्ने आणि टून डिस्ने या वाहिन्या आल्या. त्यांपैकी डिस्नेने इंग्रजी, हिंदी, तमिळ व तेलुगू या चारही भाषांत एकदमच पदार्पण केले. २००७ मधील चुट्टी टीव्हीपासून सन समूहाने दक्षिणी भाषांसाठी एकभाषी बालवाहिन्यांचा वेगळा मार्ग धरला. जुन्या मालिकांसाठी टर्नरने २०१५ मध्ये काढलेली टूनामी ही वाहिनी २०१८ मध्ये बंद झाली. टर्नरचा कारभार १९९६ मध्ये टाइम वॉर्नर या माध्यमसमूहात विलीन झाला होता. २०१८ मध्ये एटी अँड टी या दूरसंचार कंपनीने टाइम वॉर्नर विकत घेतल्यानंतर तो वॉर्नरमीडिया आणि एप्रिल २०२२ पासून वॉर्नर ब्रदर्स डिस्कव्हरी या कंपनीचा भाग झाला.