त्रिराष्ट्र करार आणि त्रिराष्ट्र मैत्री: नावं जुळी, गोष्टी वेगळ्या

पहिल्या महायुद्धात इटली कोणाच्या बाजूने होता? वर्गात हा प्रश्न विचारला की हमखास दोन तट पडतात. काही जण ठामपणे सांगतात, जर्मनीच्या. ‘त्रिराष्ट्र करारा’त जर्मनी, ऑस्ट्रिया-हंगेरी आणि इटली होते हे त्यांनी पाठ केलेलं असतं. बाकीचे म्हणतात, इंग्लंड-फ्रान्सच्या. उत्तर दुसऱ्यांचं बरोबर आहे, पण पहिल्यांनी पाठ केलेलंही खोटं नाही.

घोळ सुरू होतो तो नावांपासून. १८८२ चा ‘त्रिराष्ट्र करार’ आणि १९०७ पर्यंत आकाराला आलेली इंग्लंड, फ्रान्स आणि रशियाची ‘त्रिराष्ट्र मैत्री’. दोन्हीकडे तीन-तीन राष्ट्रं, नकाशावर दोन रंग. मग युद्धाचं कारणही सोपं होऊन बसतं: सगळे करारांनी बांधलेले होते, साराजेवोत ऑस्ट्रियाच्या युवराजावर गोळी सुटली आणि एकामागून एक ओढले गेले. मला हे स्पष्टीकरण कधीच पटलेलं नाही. कोणी कोणाला नेमकं काय लिहून दिलं होतं हे पाहिलं की ते टिकत नाही.

आधी करार पाहू. त्याचा पाया १८७९ चा. जर्मनीचा चान्सेलर बिस्मार्कने ऑस्ट्रिया-हंगेरीशी तह केला: दोघांपैकी एकावर रशियाने हल्ला केला, तर दुसऱ्याने सगळ्या सैन्यानिशी मदतीला यायचं. १८८१ मध्ये फ्रान्सने उत्तर आफ्रिकेतलं ट्युनिस घेतलं. त्यावर इटलीचा डोळा होता, त्यामुळे चिडलेला इटली पुढच्या वर्षी या दोघांना येऊन मिळाला. २० मे १८८२ रोजी व्हिएन्नात सह्या झाल्या. मुदत पाच वर्षांची, कलमं गुप्त, आणि भाषा अगदी काटेकोर. फ्रान्सने कुरापत नसताना इटलीवर हल्ला केला तर दोघांनी धावून जायचं, जर्मनीवर केला तर इटलीने. म्हणजे हा बचावाचा करार होता. स्वतः होऊन युद्ध काढणाऱ्याला मदत करायची सक्ती त्यात नव्हती. शिवाय हा करार इंग्लंडविरुद्ध समजू नये, असं इटलीने सुरुवातीलाच नोंदवून घेतलं. लांबलचक समुद्रकिनारा असलेल्या देशाला ब्रिटिश आरमाराशी वैर परवडणारं नव्हतं.

पुढे करार वेळोवेळी वाढवला गेला, शेवटचा १९१२ मध्ये. पण १९०२ हे साल लक्षात ठेवण्यासारखं आहे. जूनमध्ये इटलीने करार पुन्हा वाढवला, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये फ्रान्सला गुपचूप कळवलं की तुमच्यावर कोणी हल्ला केला तर आम्ही तटस्थ राहू. कागदावर सही होती, पण मन केव्हाच उठलं होतं. १९०६ मध्ये मोरोक्कोच्या प्रश्नावर अल्जेसिरासला परिषद भरली, तेव्हाही इटली जर्मनीच्या पाठीशी उभा राहिला नाही.

आता मैत्री. तिच्या मूळ नावातल्या ‘आंतांत’ या फ्रेंच शब्दाचा अर्थ सलोखा, समजूत. मराठीत ‘मैत्री करार’ म्हटलं की फसगत होते, कारण तिघांनी मिळून सही केलेला असा कागद युद्धाआधी नव्हताच. होते ते तीन वेगळे कागद. त्यातला पहिला मात्र खराखुरा लष्करी करार: फ्रान्स आणि रशिया, १८९२ मध्ये ठरलेला आणि १८९४ पर्यंत पक्का झालेला. जर्मनीने हल्ला केला तर फ्रान्सने १३ लाख माणसं उभी करायची, रशियाने सात ते आठ लाख, इतकं बारकाईने लिहिलेलं. आणि मुदत? त्रिराष्ट्र करार जितकी वर्षं टिकेल तितकी वर्षं.

इंग्लंडचे दोन कागद यापुढे अगदीच निराळे. ८ एप्रिल १९०४ रोजी लॉर्ड लॅन्सडाउन (हिंदुस्थानचे माजी व्हाइसरॉय) आणि फ्रेंच राजदूत पॉल कांबाँ यांनी सही केली ती कशावर? इजिप्तमध्ये इंग्लंडला मोकळीक, मोरोक्कोत फ्रान्सला, न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावरचे मासेमारीचे हक्क, सयाम, मादागास्कर. ३१ ऑगस्ट १९०७ चा रशियाबरोबरचा करार तर हिंदुस्थानच्या सरहद्दीच्या काळजीतून आलेला. इराणचे प्रभावापुरते तीन पट्टे, अफगाणिस्तान आणि तिबेट. जर्मनीवर हल्ला झाला किंवा जर्मनीने केला तर काय करायचं, याबद्दल त्यात चकार शब्द नाही. हे वसाहतींचे वाद मिटवणारे कागद होते.

मग त्यातून लष्करी जवळीक आली कुठून? जर्मनीच्या वाढत्या आरमारातून आणि मोरोक्कोवरून फ्रान्स आणि जर्मनीत झालेल्या दोन पेचांतून. १९०६ पासून ब्रिटिश आणि फ्रेंच सेनाधिकारी एकत्र बसून बेत आखत होते, आणि ब्रिटिश मंत्रिमंडळातल्या बहुतेकांना १९११ पर्यंत त्याचा पत्ता नव्हता. १९१२ मध्ये फ्रान्सने आपलं आरमार भूमध्य समुद्रात एकवटलं, उत्तरेचा किनारा जवळजवळ उघडा टाकून. त्याच नोव्हेंबरात परराष्ट्रमंत्री एडवर्ड ग्रे यांनी कांबाँना पत्र लिहिलं: या चर्चा म्हणजे युद्धात उतरण्याचं वचन नाही. एकीकडे वचन नाही, दुसरीकडे वचनाच्या भरवशावर करावी तशी तयारी.

१९१४ च्या ऑगस्टमध्ये दोन्हींची परीक्षा झाली. ऑस्ट्रियाने सर्बियाला निर्वाणीचा खलिता दिला तो इटलीला न विचारता. बाल्कनमध्ये काही बदल करायचा तर आधी आपसात ठरवायचं आणि मोबदला द्यायचा, असं करारातच होतं. इटलीने तेवढंच बोट धरलं: हल्ला तुम्ही केलात, आमच्यावर बंधन नाही. शब्दशः पाहिलं तर इटलीचं म्हणणं बरोबर होतं. आणि जर्मनी? १ ऑगस्टला त्याने स्वतः होऊन रशियाशी युद्ध पुकारलं. ज्या ऑस्ट्रियासाठी हे चाललं होतं, तिने रशियाशी युद्ध पुकारलं ते ६ तारखेला. १८७९ च्या तहाने हे करायला कोणालाही भाग पाडलेलं नव्हतं.

३ ऑगस्टला दुपारी ग्रे पार्लमेंटमध्ये उभे राहिले. त्यांनी १९१२ चं पत्र वाचून दाखवलं, आपले हात मोकळे आहेत हे सांगण्यासाठी. पण पत्राचं शेवटचं वाक्य, प्रत्यक्ष कृतीची वेळ आली तर दोन्ही सेनाधिकाऱ्यांचे बेत लगेच विचारात घेतले जातील असं सांगणारं, वाचायचं राहिलं. आणि मग त्यांनी सभासदांना सांगितलं की या मैत्रीतून किती बांधिलकी येते, हे प्रत्येकाने आपल्या मनाला विचारावं. दुसऱ्या दिवशी इंग्लंड युद्धात उतरलं, पण कारण म्हणून पुढे केलेला कागद होता १८३९ चा, जर्मन सैन्याने मोडलेल्या बेल्जियमच्या तटस्थतेचा. तो ना त्रिराष्ट्र कराराचा होता, ना मैत्रीचा.

मला विचाराल तर दोन्हींपैकी जास्त घातक ठरली ती ही मैत्रीच. वचन स्पष्ट असतं तर बर्लिनने निदान हिशोब करताना इंग्लंड धरलं असतं. वचन अजिबात नसतं तर फ्रान्सने आपला किनारा उघडा टाकला नसता. अर्धवट शब्दावर दोघेही आपापल्या सोयीचा अर्थ लावत राहिले.

या मैत्रीचं रूपांतर खऱ्या युतीत झालं ते ५ सप्टेंबर १९१४ रोजी, युद्ध महिनाभर चालल्यावर. तिघांनी लंडनमध्ये लिहून दिलं की कोणीही शत्रूशी वेगळा तह करणार नाही. पलीकडची ‘मध्यवर्ती सत्ता’ म्हणजेही जुना त्रिराष्ट्र करार नव्हे. जर्मनी आणि ऑस्ट्रियाच्या जोडीला तिथे तुर्कस्तान आणि पुढे बल्गेरिया आले. इटलीला २६ एप्रिल १९१५ च्या गुप्त तहात त्रेन्तिनो, त्रिएस्ते आणि दाल्मेशियाचा काही भाग देऊ केला गेला. मेच्या सुरुवातीला त्याने त्रिराष्ट्र करार संपल्याचं व्हिएन्नाला कळवलं, आणि २३ मे रोजी, त्या कराराला ३३ वर्षं आणि तीन दिवस झाले असताना, ऑस्ट्रियाशीच युद्ध पुकारलं.